नको असलेल्या नोकरीची मुलाखत

भाताची आवणी ऐन भरात यावी आणि नेमके त्याच आठवड्यात घरातल्या शिकल्या-सवरल्या मुलाला कंपनीचे बोलावणे यावे, हा योग शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या घरांना आता नवा राहिलेला नाही. पूर्वी असे बोलावणे आले की आळीत साखर वाटली जाई. आता ते फोनवर येते आणि पुष्कळदा असे दिसते की आईबापांचे चेहरे उजळले आहेत, पण ज्याला बोलावले त्याचा चेहरा पडला आहे. त्याला ती नोकरी नको असते. तरीही तो जातो. पहिल्या मुलाखतीला जातो, दुसऱ्या फेरीला जातो, तिसरीलाही जातो. "का रे जातोस?" म्हणून विचारले तर म्हणतो, "घरचे म्हणतात जाऊन तर ये. पुढचे पुढे बघू."

हे "पुढचे पुढे" बरेच महाग पडते. गावोगाव फिरताना खताच्या, बियाण्याच्या गोष्टी निघतात तशाच याही गोष्टी निघतात. ओटीवर चहा पुढे येतो आणि मुलाचे वडील म्हणतात, "साहेब, आता तुम्हीच सांगा याला दोन शब्द." मी स्वतः महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा माणूस. नोकरी वाईट असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? आणि तसे सांगायचेही नाही. प्रश्न वेगळा आहे. नोकरी नको हे मनात पक्के झाले असेल, तर मुलाखती देत राहावे काय?

आधी वडीलधाऱ्यांची बाजू ऐकू. आलेला कॉल सोडू नये, असे ते म्हणतात ते काही उगीच नाही. १९५९ साली केंद्र सरकारने कायदा करून रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवणे मालकांवर बंधनकारक केले. मॅट्रिक झालेला मुलगा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन नाव नोंदवी, कार्ड घेई, त्या कार्डाचे वेळच्या वेळी नूतनीकरण करी आणि मग पोस्टमनची वाट पाहत बसे. वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षे पत्र येत नसे. आले की उसना शर्ट, उसने पैसे, पहाटेची गाडी. ज्यांनी ते दिवस काढले ते आज आजोबा किंवा वडील आहेत. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, हे त्यांनी ऐकलेले नाही, भोगलेले आहे. त्या काळाला तो सल्ला बरोबर होता.

काळ मात्र पालटला. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या गट क आणि अराजपत्रित गट ब च्या पदांसाठी मुलाखतीच बंद केल्या. पोलीस भरतीत मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा, मुलाखत नाही. म्हणजे आपल्या भागातल्या मुलांना मुलाखतीचे बोलावणे येते ते बहुतेक खाजगी कंपन्यांचे: मुरबाडच्या एमआयडीसीतले कारखाने, आसनगाव-वाशिंदच्या बाजूचे कारखाने, पडघा-भिवंडीकडची गोदामे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. हा रस्ता शहापूर तालुक्यातूनच गेला आहे, तेव्हा असली बोलावणी काही कमी होणार नाहीत. यातली पहिली फेरी बहुधा ठेकेदाराचा माणूस घेतो, दुसरी कारखान्यातला साहेब, आणि कधी कधी तिसरी ठाण्या-मुंबईच्या कचेरीत. मग डॉक्टरी तपासणी.

या फेऱ्यांना काय लागते ते एकदा वहीत मांडून पाहावे. मुरबाडला आजही रेल्वे नाही. माळशेजच्या पायथ्याच्या गावातून निघालेला मुलगा आधी मुरबाडला येणार, तिथून एसटीने कल्याण, तिथून लोकल. डोळखांबकडच्या मुलाला आसनगाव स्टेशन गाठेपर्यंतच अर्धी सकाळ जाते, आणि कसाऱ्यापासून मुंबईचे टोक १२० किलोमीटरच्या घरात आहे. तेव्हा अर्धा दिवस वगैरे काही नसते, दिवसच जातो. समजा, त्याच्या जागी मजूर लावला तर ५०० रुपये आणि गाडीभाडे, वडापाव, चहा मिळून २००. तीन फेऱ्यांचे २,१०० झाले. ही नुसती वरवरची रक्कम. भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की ते खाचरात गेले पाहिजे; राबात जितके जून होईल तितके पुढे फुटवे कमी. उन्हाळी भेंडीचे तर त्याहून कडक. एक दिवसाआड तोडा आला की आलाच. तो चुकला की शेंग हां-हां म्हणता लांबते, निर्यातीच्या मापातून जाते आणि मग मिळेल त्या भावाने बाजारात टाकावी लागते. शहापूर-मुरबाडची भेंडी परदेशी जाते याचा आपल्याला अभिमान आहे. पण ती मुलाखतीहून येईपर्यंत झाडावर कोवळी थांबत नाही.

तोटा एवढाच असता तरी मी लिहिले नसते. पुढचा प्रकार मला माहीत आहे म्हणून लिहितो.

शहापूर तालुक्यातला एक मुलगा. आयटीआय झालेला. घरचे दीड एकर भात, आणि विहिरीला पाणी असल्यामुळे भातानंतर पाऊण एकर भेंडी. भेंडी त्याच्या हाताला लागली होती. फवारणी वेळेवर, केवड्याची झाडे दिसली की उपटून बाहेर, तोडा उजाडायच्या आत. वडिलांना मात्र तो नोकरीला लागायला हवा होता, आणि कारण पैशाचे नव्हते, लग्नाचे होते. मुलीकडचे आले की पहिला प्रश्न, "मुलगा कुठे असतो?" शेतात असतो म्हटले की पोहे खाऊन उठतात. (गंमत अशी की पोहे खाणारा तो पाहुणाही शेतकरीच असतो!) उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही म्हण आपल्याच ओट्यांवर उलटी टांगली गेली आहे, त्याला कोण काय करणार?

तर या मुलाला एका गोदामातल्या कामाचे बोलावणे आले. ओळख मामाची. नाही म्हणावे तर मामाला वाईट वाटणार आणि वडील आठ दिवस बोलणार नाहीत. तो गेला. मनात म्हणाला, आपण धड उत्तरेच द्यायची नाहीत, म्हणजे तेच नापास करतील. धड उत्तरे दिली नाहीत तरी त्याला दुसऱ्या फेरीला बोलावले, कारण त्यांना माणसे हवी होती. तिसऱ्याला विचारले, "रात्रपाळी चालेल ना?" हा म्हणाला, "चालेल." चालणार नव्हती. नेमणूक झाली, बारा-बारा तासांची रात्रपाळी निघाली आणि नवव्या दिवशी तो घरी परत आला.

घरी काय झाले ते वडिलांनीच मला सांगितले. ते म्हणाले, "अरे, नको होती तर तसे सांगायचे ना!" मुलगा म्हणाला, "बाबा, सांगितले असते तर तुम्ही ऐकले असते का?" वडिलांजवळ याला उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते.

त्या आठ दिवसांच्या पगारासाठी त्याला ठेकेदाराकडे खेटे घालावे लागले. भेंडीचे चार तोडे वाया गेले. पण त्याहून मोठे नुकसान दुसऱ्याच घरी झाले. त्याच गावातला आणखी एक मुलगा त्याच जागेसाठी गेला होता. त्याच्या घरी विहीर नाही, एकपिकी खाचर, दोन बहिणी लग्नाच्या. त्याला ते काम मनापासून हवे होते. त्याला "जागा भरली" म्हणून सांगण्यात आले आणि तो कमी पगारावर भिवंडीकडे निघून गेला. जागा रिकामी झाली तेव्हा त्याला कोणी हाक मारली नाही. उलट ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "त्या गावची पोरे टिकत नाहीत." हे एक वाक्य त्या गावातल्या पुढच्या दहा मुलांना नडते. आपल्या भागात कामाला माणूस ओळखीने लागतो, आणि गावाचे नाव हीच पहिली ओळख. आपल्या घरातल्या एका न बोललेल्या "नको"चा भुर्दंड शेजारच्या घराने भरायचा, हे मला काही केल्या पटत नाही.

ही गाठ आजची नाही. थोरामोठ्यांच्या घरीही ती पडलेली आहे. अरविंद घोष यांच्या वडिलांची इच्छा होती की मुलाने विलायतेत शिकून आय.सी.एस. व्हावे. १८९० साली अरविंद ती परीक्षा पास झाले. पण सरकारी अंमलदार होणे त्यांच्या मनात नव्हते, आणि आपण होऊन नाही म्हटले तर घरचे मान्य करणार नाहीत हेही त्यांना ठाऊक होते. तेव्हा त्यांनी घोडेस्वारीची चाचणी टाळली. १८९२ साली त्यांना अपात्र ठरवले गेले आणि पुढच्याच वर्षी ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात नोकरीस लागले. सुभाषचंद्र बोस १९२० साली त्याच परीक्षेत चौथे आले. वडिलांच्या आग्रहाखातर विलायतेला गेलेला हा मुलगा महिनोन् महिने घरी पत्रे लिहून आपली घालमेल मांडत राहिला आणि अखेर एप्रिल १९२१ मध्ये त्याने लेखी राजीनामा दिला.

पण मला विचाराल तर सगळ्यांत सरळ वागले ते आपले कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर. घरात कमालीचे दारिद्र्य. आई वाट पाहते आहे की मुलाच्या मोठाल्या परीक्षा झाल्या, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि पांग फिटतील. आगरकरांनी नोकरीच्या दारात जाण्यापूर्वीच आईला पत्र लिहून कळवले की अशी आशा तू धरू नकोस; मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालवणार आहे. या पत्राची गोष्ट आपल्याकडे सर्वांना माहीत असते. ती सांगताना त्यागाचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: ज्याला सांगायचे त्याला, आणि वेळेवर सांगितले. घोडेस्वारी चुकवणे अरविंदांना साधले. आपल्या मुलांना ते साधत नाही, कारण गोदामात घोडा नसतो.

म्हणून मुलाखतीला जाऊच नये असे नाही. दुसरी बाजूही सांगतो. मुरबाड तालुक्यातली एक मुलगी, बी.एस्सी. झालेली. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून बोलावणे आले. तिला जायचे नव्हते. कारखाना म्हणजे धूर, रात्रपाळी आणि परतीच्या वाटेचा काळोख एवढेच तिला ऐकून माहीत. आई म्हणाली, "बाय, एकदा डोळ्यांनी बघून ये. नको वाटली तर मी तुझ्या बापाशी बोलेन." ती गेली, पण जाताना वहीत प्रश्न लिहून घेऊन गेली. मुलींना पहिली पाळी, गावाच्या फाट्यापर्यंत कंपनीची बस, काम मालाचे नमुने तपासण्याचे. ती आता तिथे दोन वर्षे आहे आणि भावाच्या शिक्षणाला पैसे देते. तिचे "नको" हे त्या नोकरीला नव्हतेच, ऐकीव गोष्टींना होते.

तेव्हा माझे मत असे आहे. कामाची नीट माहिती नसेल तर पहिल्या मुलाखतीला जरूर जावे, आणि जाताना आपणही मुलाखत घ्यायला चाललो आहोत असे समजून जावे. पगार सांगतात तो हातात पडणारा की कागदावरचा, हे आधी विचारावे. समजा १५,००० सांगितले आणि ते सगळे भविष्यनिर्वाह निधीसाठी धरले, तर १२ टक्क्यांनी १,८०० कापले जाणार. राज्य विमा योजना लागू असेल तर पाऊण टक्क्याने आणखी ११३. म्हणजे या दोन कपातींनंतर १३,०८७ उरतात. यातले १,८०० बुडाले असे नव्हे, ते आपल्याच खात्यावर साठतात आणि मालकालाही आपला वाटा भरावा लागतो. कोणी "निधी कापणार नाही, पूर्ण पगार देतो" म्हणाला तर हुरळून जाऊ नये. पगारपत्रकावर नाव कंपनीचे की ठेकेदाराचे? पाळी किती तासांची, जादा कामाचे पैसे किती? नेमणुकीचा कागद मिळतो का? गाडीची सोय आहे का? आवणीला चार दिवस रजा मिळेल का, हेही बेधडक विचारावे. हसले तर हसू दे.

एवढे विचारून घरी आल्यावर मनाशी एकच पाहावे: उद्या यांनी याच अटींवर ये म्हटले तर मी जाईन का? "जाईन" किंवा "बहुतेक जाईन" असे उत्तर आले तर दुसऱ्या फेरीला अवश्य जावे. "काही झाले तरी नाही" असे उत्तर आले तर तिथेच थांबावे. काही जण म्हणतात, सराव होतो, बोलायची भीड चेपते. खरे आहे. पण तेवढ्यासाठी एक मुलाखत पुरे. ज्याला मांडवाखालून जायचेच नाही त्याने सरावासाठी दहा मुली पाहत फिरावे का? मुलीच्या बापाला विचारा कसे वाटते.

आता घरच्यांना कसे सांगायचे? बोलावण्याच्या आदल्या रात्री सांगू नये, तेव्हा भांडणच होते. जेवणे झाल्यावर, निवांत वेळी, हातात वही घेऊन बसावे. शेतीवर राहायचे असेल तर गेल्या हंगामाचा हिशोब त्या वहीत पाहिजे: बियाणे, खत, औषध, मजुरी, किती तोडे झाले, कोणता भाव मिळाला, हातात काय राहिले. ज्याच्याजवळ ही वही नाही त्याने नोकरी नाकारली आहे असे मी धरत नाही, त्याने फक्त सकाळी लवकर उठणे नाकारले आहे. असेही पुष्कळ आहेत, चौकात मोटारसायकलवर बसलेले असतात. आणि कृषी खात्यात हयात घालवूनही हे सांगतो की पाणी नसलेल्या एक-दोन एकर एकपिकी खाचरावर आज घर चालत नाही. तानसा-भातसाची धरणे आपल्याच तालुक्यात, आणि पाणी मात्र मुंबईला. आपल्या कित्येक वाड्यांवर एप्रिलमध्ये टँकर येतो. अशा घरातल्या मुलाने मनाजोगती जागा मिळेपर्यंत मिळेल ते काम धरावे. पण मग ते धरायचे ठरवूनच मुलाखतीला जावे, नापास होण्याची आशा खिशात घेऊन जाऊ नये.

वडिलांनाही एक सांगणे आहे. मुलगा नाही म्हणाला तर कारण विचारावे आणि पुरते ऐकून घ्यावे. लग्नासाठी नोकरी हवी असेल तर तसे उघड बोलावे. नऊ दिवसांच्या नोकरीवर जमलेले लग्न दहाव्या दिवशी कसे दिसेल, याचाही विचार व्हावा. मामाला मुलाने स्वतः जाऊन सांगावे, "मामा, तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, पण मला हे जमणार नाही. मधेच सोडून तुमचा शब्द खाली पाडण्यापेक्षा आधीच सांगतो." मामा दोन दिवस रागावेल. मधेच सोडल्यावर जो रागावतो तो दोन दिवसांत निवळत नाही.

कंपनीला कळवण्याची रीत आपल्याकडे नाहीच. फोन उचलायचा बंद करायचा, एवढीच रीत. त्याऐवजी चार ओळी लिहाव्यात. कागदावर लिहा किंवा फोनवरून पाठवा, मजकूर असा चालेल:

"मा. व्यवस्थापक यांस, स. न. वि. वि. आपण अमुक तारखेस माझी मुलाखत घेतलीत याबद्दल आभारी आहे. कामाच्या वेळा व घरची जबाबदारी पाहता हे काम मला पत्करता येणार नाही. तरी पुढील फेरीसाठी माझे नाव धरू नये. आमच्या गावातील इतर मुलांना या कामाची गरज आहे, त्यांचा विचार व्हावा ही विनंती. आपला नम्र."

शेवटून दुसऱ्या वाक्याने काही नुकसान होत नाही, झाला तर कोणाचा फायदाच होईल. पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

कागदपत्रांविषयीही सावध राहावे. मूळ दाखले मुलाखतीला दाखवण्यापुरते न्यावेत, कोणी ठेवून घेतो म्हणाला तर देऊ नयेत. नकार द्यायची वेळ आली की तेच सोडवून आणण्यात महिना जातो. झेरॉक्स प्रतीवर "अमुक कंपनीच्या मुलाखतीपुरती" असे आडवे लिहून तारीख टाकावी आणि सही करावी. आणि मुलाखतीआधीच अनामत, गणवेशाचे पैसे किंवा "फी" मागणारा कोणी भेटला, तर ती नोकरी हवी असो की नको, त्याच पावली परत फिरून पुढची गाडी पकडावी.